दाराजवळची प्रभा

प्रभा वडागळेचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. तिचा येशू, माझा महादेव, आणि मधे चार इंचांची भिंत. इतक्या वर्षांत देवांचं कधी भांडण झालं नाही, आमचं मात्र उठता बसता व्हायचं. भांडणाचा विषय ठरलेला, तो म्हणजे तिचं दार.

ही बाई दार लावत नसे. होटगी रोडच्या आमच्या कॉलनीत लोक दाराला जाळी, जाळीला कुलूप आणि कुलपावर कॅमेरा लावून झोपतात, आणि हिच्या उंबऱ्यावर नुसता एक फुलाफुलांचा पडदा. कुत्री आत जाऊन निवांत झोपायची. वर्गणी मागणारे थेट स्वयंपाकघरात पोचायचे. न्हाणीचं दारसुद्धा बादली आडवी ठेवून अर्धं उघडं, आणि कुणी चुकून शिरू नये म्हणून आत असेपर्यंत ही मोठ्यानं भजन म्हणायची. मी तिला सांगायची, "प्रभा, तुझा आवाज ऐकून चोरसुद्धा वाट बदलेल, तेवढीच काय ती तुझी राखण." त्यावर ती हसायची आणि पडदा आणखी जरा बाजूला सारायची.

ती युनिफॉर्मच्या कारखान्यात शिवणकामाला होती. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंख्याखालच्या मशीनसाठी बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बाकी राहायच्या, पण प्रभाचं मशीन शटरच्या तोंडाशी, जिथं भट्टीसारखा वारा अंगावर येतो. चर्चमध्येही शेवटचा बाक, दाराकडची कड. मंडळीत आणखी एक प्रभा होती, म्हणून हिला सगळे 'दाराजवळची प्रभा' म्हणायचे. लिफ्टमध्ये ती आयुष्यात चढली नव्हती. नवरा लवकर गेला. एकुलती एक लेक काव्या मिरजेला नर्सिंग शिकली, तिथंच नोकरीला लागली. आईनं दार लावावं म्हणून तीही सांगून सांगून थकली होती.

कारण मला माहीत होतं. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी प्रभा अठरा वर्षांची, उमरग्याच्या पलीकडच्या एका खेड्यात मावशीकडे गेलेली. दगडामातीचं घर. मावशीची सासू चंद्रव्वा आज्जी आणि ही, दोघी आतल्या खोलीत झोपल्या होत्या. पहाटे छप्पर अर्धं खाली आलं आणि दार चौकटीत असं रुतलं की हलेना. दुपारी गावकऱ्यांनी भिंत फोडून दोघींना बाहेर काढलं. आज्जी तोवर गेलेली होती. प्रभाच्या अंगावर खरचटल्याशिवाय काही नव्हतं. तेव्हापासून दार लागलं की हिचा श्वास अडायचा, ओठ पांढरे पडायचे.

हे कळल्यावर माझं बोलणं थांबलं असेल असं वाटत असेल तर तुम्ही मला ओळखत नाही. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. भीतीला कारण असलं म्हणजे भीती बरोबर ठरते हे मला पटत नाही. "भूकंप झाला किल्लारीच्या बाजूला, आणि तू घाबरतेस होटगी रोडच्या न्हाणीला," असं मी तिला तोंडावर म्हणायची. ती म्हणायची, "अक्का, तुझं बराबर हाय. पण ते माझ्या छातीला कोण सांगणार?" मी चहा टाकायला उठायची.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या उजव्या हातातून सुई पडायला लागली. आधी सुई, मग कात्री, मग चहाचा कप. चालताना पाय ओढायला लागली. डॉक्टर म्हणाले, जन्मभर मान खाली घालून शिवलंत, मानेतली नस दबलीय. ऑपरेशन केलं तर हात वाचेल. नाही केलं तर हात जाईल आणि पाठोपाठ पाय. पण आधी मानेचा एमआरआय हवा, त्याशिवाय मी सुरी लावणार नाही.

एमआरआय म्हणजे त्या मशीनच्या बोगद्यात डोकं घालून झोपायचं, तोंडावर पिंजऱ्यासारखी जाळी, आणि खोलीचं जाडजूड दार बंद. पहिल्या खेपेला जाळी तोंडावर आली तशी प्रभा उठून पळाली. दुसऱ्या खेपेला झोपेची गोळी देऊन नेली. हातात एक रबरी फुगा देतात, घाबरलात तर दाबा, बाहेर घंटी वाजते. हिनं आत गेल्या गेल्या असा दाबला की बाहेरच्या लोकांना वाटलं मशीन बिघडलं. पूर्ण भूल द्यावी तर दमा, भूलतज्ज्ञ तयार होईनात. काव्या रजा काढून आली, रडली आणि परत गेली. प्रभा मला म्हणाली, "हात गेला तर जाऊ दे, मी न्हाय जायची आता." हे सांगताना डाव्या हातानं उजवा हात मांडीवर उचलून ठेवत होती.

त्यात पहिली जानेवारी आली. त्यांच्या मंडळीत नव्या वर्षाच्या सकाळी उपासना झाली की स्टीलच्या ताटात चिठ्ठ्या ठेवतात. प्रत्येक चिठ्ठीवर पवित्र शास्त्रातलं एकेक वचन. डोळे मिटून एक उचलायची, आणि जे निघेल ते देवानं तुम्हाला त्या वर्षासाठी दिलेलं वचन. लोक ते काचेत बसवून भिंतीला लावतात. सहसा वचनं गोड असतात, मी तुला सोडणार नाही, मी तुला बळ देईन, अशी. त्या वर्षी चिठ्ठ्या लिहायचं काम रविवारच्या शब्बाथ शाळेच्या पोरांना दिलं होतं, आणि पोरं ती पोरंच. कुणीतरी आपल्याला आवडलेल्या नोहाच्या गोष्टीतली एक ओळ लिहून टाकली. प्रलय येणार, नोहा आपलं कुटुंब आणि प्राणी घेऊन तारवात, त्या मोठ्या लाकडी जहाजात, चढला, आणि देवानं त्याला आत ठेवून दार लावलं. तीच ओळ, आणि ती नेमकी प्रभाच्या हाताला लागली.

चर्चचे पाळक अनीश तरुण आहेत, चांगले आहेत. त्यांनी वाचलं आणि त्यांचाच चेहरा उतरला. म्हणाले, "प्रभामावशी, हे वचन नाही, गोष्टीतलं वाक्य आहे. चुकून आलंय. दुसरी उचला." पण म्हाताऱ्या बायका मधे पडल्या. निघालेलं वचन परत ताटात टाकायचं नसतं, म्हणे. प्रभाही त्याच मताची. चिठ्ठी घेऊन घरी आली आणि अंथरुणाला खिळली.

"देवानंच सांगितलं की," ती म्हणाली. "आत घालून दार लावणार. आता हात, मग पाय, मग मी खाटंवर, आन् दार बंद."

मला संताप आला. आमच्याकडे देवाला कौल लावतात, तो मनासारखा आला नाही तर जरा वेळानं पुन्हा लावतात. देवसुद्धा माणसाला दुसरी संधी देतो. मी म्हटलं, "अगं, पोरांनी लिहिलेली चिठ्ठी. तुझ्या देवाला दुसरा कारकून मिळाला नाही का?" ती भिंतीकडे तोंड करून पडली. मला वाटलं, संपलं. आता ही काही त्या मशीनमध्ये जात नाही.

पण माणूस ज्या गोष्टीला भितो तिच्याकडे डोळा जातोच. चार-सहा दिवसांनी मी डबा घेऊन गेले तर ही खाटेवर बसून तीच गोष्ट वाचत होती, ओळीवर बोट ठेवून. मग रोजच. संध्याकाळी आमच्या दोन घरांच्या मधल्या पायरीवर येऊन बसायची आणि वाचलेलं मला सांगायची. प्रभा दहावीपर्यंत शिकलेली. तिचं वाचणं म्हणजे कापड तपासल्यासारखं. एकाच जागी बोट फिरवत राहायची, दोरा कुठं उसवलाय का बघत.

एकदा म्हणाली, "अक्का, तारवाला वल्हं न्हाय. सुकाणू न्हाय. कुटं जायचं ते नोहाच्या हातातच न्हाय."

"मग ते जहाज कसलं, पेटी झाली."

"व्हय की, पेटीच. आन् बघ, खिडकी नोहानं उघडली. कावळा सोडला, कबुतर सोडलं. पर दाराला त्यानं सबंध गोष्टीत हात लावला न्हाय. खिडकी त्याची. दार ज्यानं लावलं त्याचं."

मी विचारलं, "आणि बाहेर बुडाले त्यांचं काय? त्यांच्या तोंडावर दार लागलं ना?" मला तिला अडवायचंच होतं.

तिनं ओळीवरचं बोट उचललं. मग म्हणाली, "त्याचं उत्तर माझ्याकडं न्हाय. चंद्रव्वा आज्जी तर आतच हुती, माझ्या शेजारी. आत असून गेली. त्याचंबी न्हाय." आणि पुस्तक मिटून आत गेली. मला वाईट वाटलं. तरी प्रश्न बरोबर होता असंच मी अजून म्हणते.

मला वाटलं आता हे वाचन बंद पडणार. पण दोन दिवसांनी ती स्वतःहून आली, पाय ओढत, आणि पायरीवर बसायच्या आधीच बोलायला लागली.

"आत कोण कोण हुतं सांग."

"नोहा, बायको, मुलं, सुना."

"आन् वाघ. लांडगा. साप. सगळे आत. त्यांना भाईर काढून मग दार लावलं असं न्हाय. त्यांच्यासकट लावलं. आन् कुणी कुणाला खाल्लं न्हाय." ती भिंतीचा आधार घेत पायरीवर बसली. "मी इतकी वर्सं काय मागत हुते, देवा माझी भीती काढ, मग मी दार लावते. ते तसं नसतंय अक्का. भीतीला घिऊनच आत जायचं असतंय. तिला एक खण द्यायचा, बस म्हणायचं. वाघाला दिलावता तसा."

"आणि हे तारू कुठंय?"

तिनं डाव्या हाताची मूठ छातीवर ठेवली. "हितं की. लाकडाचं असतं तर कवाच कुजलं असतं."

मी महादेवाची माणूस. इष्टलिंग छातीशी बांधून फिरणाऱ्या घराण्यातली. देव बाहेर शोधू नये, अंगावर वागवावा, हे मला लहानपणापासून सांगितलेलं. तरी मला कधी हे असं सुचलं नव्हतं, आणि थोडा हेवा वाटला हे खरं.

पाळक अनीश भेटायला आले तेव्हा तिनं त्यांनाही सांगितलं. ते जरा घोटाळले. म्हणाले, "मावशी, तारू म्हणजे तारण, देवानं माणसाला वाचवणं, एवढा अर्थ आम्ही शिकवतो. प्राणी म्हणजे भीती असं कुठं लिहिलेलं नाही हां."

"न्हाय लिवलेलं," प्रभानं कबूल केलं. "पर साप हुते, हे लिवलंय."

पाळक हसले. "वाचा तुम्ही. फक्त हाच एक अर्थ खरा असं दुसऱ्यांना सांगू नका." जाताना त्यांनी प्रार्थना केली, आणि ती प्रार्थना नोहाच्या सापांपर्यंत गेली, हे माझ्या कानांनी ऐकलं.

मग सराव सुरू झाला. दुपारी कॉलनी झोपलेली असताना प्रभा स्वतःच्या घरात जायची आणि मी बाहेरून कडी घालायची. तिचा हट्टच होता, आतून नको, बाहेरून लाव. ती कडी वापराविना इतकी गंजली होती की आधी गोडेतेल घालावं लागलं. पहिल्या दिवशी कडी सरकायच्या आत तिनं आतून दार बडवलं. दुसऱ्या दिवशीही. मी म्हटलं, "बघ बाई, तुझ्या गोष्टीत दार लावायला परमेश्वर होता, हितं मी आहे. फरक पडणारच." आमचे हे, गुरुशांत, खिडकीतून बघत होते. दोघी बायकांना ऊन लागलंय अशी त्यांची खात्री झाली. पण हळूहळू वेळ वाढत गेला. आतून भजन यायचं, मधेच थांबायचं, पुन्हा यायचं. थांबलं की माझाच जीव वरखाली व्हायचा.

मार्चमध्ये ती म्हणाली, "चल."

यावेळी मी एमआरआयवाल्यांना विनवलं, मला तिच्याबरोबर खोलीत बसू द्या. तिथला टेक्निशियन गुफरान, शांत माणूस. म्हणाला, "बैठो, मगर लोहा-चांदी कुछ भी अंदर नक्को." मी मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या. गळ्यातलं लिंग चांदीच्या डबीत असतं. लग्नानंतर ते मी अंगावेगळं केलं नव्हतं. डबी बाहेर ठेवली, आणि लिंग कापडात गुंडाळून मुठीत घेतलं. प्रभानं ते पाहिलं.

ती झोपली. कानांत बोळे, तोंडावर जाळी. डाव्या हातात रबरी फुगा दिला, कारण उजव्यात जोर नव्हताच. पाट सरकला आणि खांद्यांपर्यंत ती बोगद्यात गेली. गुफरान बाहेर गेला, आणि ते दार लागलं.

आता खरं सांगते. दार लागलं तसा घाम मला फुटला. खोलीला खिडकी म्हणजे एक काच, तिच्यापलीकडे गुफरान मान खाली घालून बसलेला. मशीन सुरू झालं, कोणीतरी लोखंडी पिंपावर हातोडा घालतंय असा आवाज. मी मूठ घट्ट केली आणि प्रभाकडे पाहत राहिले. तेवढ्यात तिचा डावा हात जरा सैल झाला, आणि फुगा निसटला. नळीला लोंबकळत पाटाच्या कडेला आपटत राहिला.

मी अर्धी उठले. उचलून हातात द्यावा तर हात लागून ती हलणार, सगळं वाया. ओरडावं तर फुगा गेला हे तिला कळणार आणि ती तिथंच फुटणार. तिला कळलं नसेल, अशी आशा धरून मी परत बसले. आवाज थांबला की शांतता व्हायची, आणि ती शांतता आवाजापेक्षा वाईट. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता ही किंचाळणार. तिच्या पायांची बोटं तेवढी आखडत होती आणि सुटत होती. माझ्या आयुष्यात इतका लांब वेळ मी पाहिला नाही.

शेवटी दार उघडलं. गुफरान आत आला आणि लोंबणारा फुगा बघून थबकला. "खाला, ये कब गिर्‍या? बोले क्यूँ नै?"

पाट बाहेर आला. जाळी निघाली. प्रभाचा चेहरा घामानं डबडबला होता. "कशानं बोलू? बोलायला तोच दिलावता की," ती म्हणाली.

बाहेर बाकावर बसवून मी तिला पाणी दिलं आणि आधी रागावले, मग रडले. "फुगा सुटलेला कळला होता तुला?"

"सुटला तवाच कळला."

"मग ओरडली का नाहीस?"

"वरडणारच हुते. तोंडबी उघडलंवतं. तेवढ्यात मशीन गप झालं." तिनं बाटली खाली ठेवली. "अक्का, तुला मी खोटं न्हाय सांगितलं, पर अर्धं सांगितलंवतं. मला दाराचं भ्या न्हवतं. त्या दिवशी अंधारात चंद्रव्वा आज्जी माझा हात धरून बोलत हुती. घरातल्या एकेकाचं नाव घ्यायची, ह्यो कुटं असंल, ती कुटं असंल. मग बोलायची थांबली. ती थांबल्यावर जे गप झालं, त्याचं भ्या. दार लागलं की ते गप मागनं येतंय असं वाटायचं. म्हणून दार उघडं, म्हणून गाणं. आज ते आलंच, आन् हातात फुगाबी न्हाय, पळायला जागाबी न्हाय. मग मी तशीच पडून ते ऐकलं."

"काय ऐकलंस?"

"काय न्हाय. नुसतं गप. पर त्यात मी एकटी न्हवते." ती हे अगदी साधेपणानं म्हणाली, बाजारात काय भाव होता ते सांगावं तसं. "तवाबी एकटी नसणार. आज्जीबी नसंल. तवा मी रडत हुते, ऐकायला कुटं थांबले."

तिचं खरं की खोटं, हे मी ठरवू शकत नाही. इतकंच सांगते की तिच्या ओठांना रंग होता, ते पांढरे नव्हते.

एवढ्यात गुफरान बाहेर आला, अवघडल्यासारखा. म्हणाला, बाकी फोटो चांगले आलेत, पण एकात मान जराशी हलली, तेवढा एक परत घ्यावा लागेल. आज जमणार नसेल तर पुन्हा केव्हातरी या. मी म्हणणार होते, आज पुरे, पोरी, घरी चल.

प्रभा तोवर उठली होती. बाकाचा आधार घेत, पाय ओढत ती त्या जाड दाराकडे निघाली. मी मूठ आवळून मागोमाग गेले. दाराशी तिनं वळून पाहिलं.

"तू भाईरच बस अक्का," ती म्हणाली. "आत तुला लई भ्या वाटतंय."